डिकीत स्टेपनी नाही तेव्हा

नवी बीएमडब्ल्यू किंवा मिनी दारात आली की पेढे वाटून होण्याआधी एक सल्ला हमखास मिळतो: "आधी ते रन-फ्लॅट टायर काढून टाक." सल्ला देणारा बहुधा सोसायटीतला किंवा ऑफिसातला असतो आणि त्याच्या गाडीला तीन-चार वर्षं झालेली असतात. खड्ड्यात त्याची रिम वाकलेली असते, एका खिळ्यापायी अख्खा टायर बदलावा लागलेला असतो आणि तो टायर यायला कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणजे माणूस उगाच बोलत नाही. फक्त तो अर्धंच सांगतो. टायर काढल्यावर पुढे काय, हा उरलेला अर्धा भाग रात्री साडेअकराला घाटात डिकी उघडल्यावर कळतो.

कारण या गाड्यांच्या डिकीत स्टेपनी नसते. जॅक नसतो, चाक खोलायचा पाना नसतो, आणि पुष्कळ मॉडेल्समध्ये तळाशी स्टेपनी बसेल असा खळगाही ठेवलेला नसतो. पंक्चर झालं तरी गाडी थांबणार नाही असं गृहीत धरूनच डिकी, बॅटरीची जागा, सस्पेन्शन सगळं बेतलेलं असतं. त्यामुळे हे टायर बदलणं म्हणजे एका कंपनीचे काढून दुसरीचे बसवण्याइतकं सरळ काम नाही. घरघर करतो म्हणून इन्व्हर्टर काढून टाकला आणि मेणबत्त्या आणायच्या राहिल्या, असं इथे बऱ्याच जणांचं होतं.

हा टायर नक्की करतो काय, ते आधी बघू. गाडीचं वजन पेलते ती टायरमधली हवा. रबर आणि आतले धागे त्या हवेला कोंडून ठेवण्याचं काम करतात. सोळाशे किलोची गाडी धरली तर एका चाकावर सरासरी चारशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा जोर लावते. भागाकार केला की टायर रस्त्याला टेकतो ती जागा ढोबळमानाने १७० चौरस सेंटिमीटर निघते, म्हणजे माणसाच्या पंज्याहून फार मोठी नाही. एवढ्याशा चार जागांवर सबंध गाडी उभी असते. हवा गेली की साध्या टायरची बाजू, जिला दुकानात साइडवॉल म्हणतात, रिम आणि रस्ता यांच्यात दुमडते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती घडी पडते, उलगडते, पुन्हा पडते. आतलं रबर घासून त्याची काळी पूड होते. असं एक-दोन किलोमीटर चाललं तरी टायर पंक्चर काढण्याच्या पलीकडे जातो.

रन-फ्लॅटच्या साइडवॉलला आतून चंद्रकोरीच्या आकाराची जाड रबरी पट्टी दिलेली असते. वाकताना कमी तापेल आणि तापलं तरी पटकन सैल पडणार नाही, असं तिचं मिश्रण असतं. हवा गेल्यावर गाडीचं वजन या पट्टीवर येतं आणि टायर थोडा दबतो, पण बसत नाही. त्याची कड रिमवरून घसरू नये म्हणून रिमलाही जरा उंच कंगोरा असतो. अशा रिमवर साधा टायर बसवायला हरकत नसते. उलट बाजूने मात्र, म्हणजे साध्या रिमवर रन-फ्लॅट बसवायचा, तर कंपन्या नको म्हणतात.

पट्टी किती वेळ टिकेल हे उष्णतेवर ठरतं. सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा आहे ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटर अंतर. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या. पण हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या पुस्तिकांमध्ये ओझ्यानुसार अंतर दिलेलं असे: एक-दोन माणसं आणि सामान नाही तर २५० किलोमीटर, चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर फक्त ५० किलोमीटर. म्हणजे गणपतीला सहकुटुंब, नारळ-तांदळासह कोकणात निघालेल्या गाडीने ८० वर भरवसा ठेवू नये. मे महिन्यात विदर्भातल्या काँक्रीटच्या रस्त्यावर दुपारी दोनला तर आणखी कमी धरावं.

आणि या टायरमधली हवा गेली तरी ड्रायव्हरला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. स्टिअरिंग जरा जड लागेल, कधी तेवढंही नाही. म्हणून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, टीपीएमएस, असल्याशिवाय रन-फ्लॅट वापरायचा नसतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, काहींत चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून दाब उतरल्याचा अंदाज बांधला जातो. तो पिवळा दिवा लागला की "घरी जाऊन बघू" असं म्हणायचं नाही; त्या क्षणापासून किलोमीटर मोजायचे.

रन-फ्लॅटची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा टायर काढला. त्यात आत द्रवाच्या कुप्या असत. टायर बसला की त्या फुटत, द्रव आत पसरून छिद्र बुजवायला मदत करे आणि रबर आतल्या आत घासणं कमी होई. मिनी १२७५ जीटीवर तो दिला गेला. पोर्शेच्या ९५९ मध्ये १९८० च्या दशकात रन-फ्लॅट आणि दाब सांगणारी यंत्रणा दोन्ही होती, पण ती गाडी घेणारे मूठभर. आजचा, आपल्या बाजूंवर उभा राहणारा टायर सर्वसामान्य विक्रीत रुजला तो अमेरिकेत शेवरोले कॉर्वेटमुळे. १९९४ मध्ये गुडइयरचे असे टायर तिच्यावर पर्याय म्हणून मिळू लागले आणि १९९७ च्या नव्या कॉर्वेटमधून स्टेपनी काढूनच टाकली. पुढे बीएमडब्ल्यूने २००५ च्या ३ सिरीजमध्येही तोच मार्ग धरला.

या इतिहासातली सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र एका फसलेल्या टायरची आहे. मिशेलिनच्या पॅक्स पद्धतीत टायरच्या आत रिमभोवती एक आधाराचं कडं असे. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तम होतं. अमेरिकेत होंडाने आपल्या ओडिसी या मोठ्या कौटुंबिक गाडीच्या वरच्या मॉडेलला ते दिलं. पण त्याला वेगळी रिम लागे, टायर उतरवायला वेगळं यंत्र लागे आणि ते यंत्र फार थोड्या दुकानांत होतं. साध्या पंक्चरसाठी लोक शहरभर हिंडू लागले, प्रकरण कोर्टात गेलं आणि पॅक्स मागे पडला. टायर प्रयोगशाळेत कसा चालतो यापेक्षा तो कोपऱ्यावरच्या दुकानात कसा दुरुस्त होतो, यावर त्याचं आयुष्य ठरलं. आपल्याकडचा सगळा प्रश्नही थोड्या फार फरकाने हाच आहे.

पंक्चर काढायचं दुकान महाराष्ट्रात शोधावं लागत नाही. हायवेला दर काही किलोमीटरवर टांगलेला एक जुना टायर, कॉम्प्रेसर आणि बाकडं दिसतंच. ट्यूबलेसचं पंक्चर तिथे दहा मिनिटांत निघतं: खिळा उपसायचा, छिद्र काडीने साफ करायचं, चिकट स्ट्रिप आत खुपसायची, वरचं टोक कापायचं. टायर रिमवरून उतरवावाच लागत नाही. साध्या टायरला ही तात्पुरती सोय पुष्कळदा वर्षभर पुरते, जरी योग्य दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून आतून मशरूमसारखा पॅच लावणं.

रन-फ्लॅटला हे चालत नाही, आणि त्यात दुकानदाराची काही चूक नाही. तो टायर हवा नसताना किती चालला हे बाहेरून कळत नाही. बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या टायरच्या आत ती चंद्रकोर भाजलेली असू शकते. म्हणून टायर उतरवून आतून बघावंच लागतं: सुरकुत्या आहेत का, गोल कडं उमटलंय का, काळी पूड आहे का. यावरही कंपन्यांचं एकमत नाही. काही म्हणतात, छिद्र नक्षीच्या भागात आणि लहान असेल आणि टायर कमी हवेवर चाललेला नसेल तर एकदा दुरुस्त करा. काही म्हणतात, नाहीच करायचा, बदला. शिवाय साइडवॉल इतकी ताठ असते की तो उतरवायला-चढवायला जादा हाताचं यंत्र लागतं. साध्या यंत्रावर, पहारीच्या जोरावर केला तर त्याची कड फाटते किंवा आतला सेन्सर तुटतो. शहरात चांगल्या टायर दुकानांत आता ही यंत्रं आहेत. चिपळूण ते सावंतवाडीच्या पट्ट्यात ती गृहीत धरू नका.

मग बदलायचा तर मिळायला हवा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली. देशी कारखान्यांना संरक्षण म्हणून हे झालं, पण मोठ्या मापाचे रन-फ्लॅट बव्हंशी आयातीचे असल्यामुळे महागड्या गाड्यांच्या मालकांची पंचाईत झाली. एका टायरसाठी गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहायची. मुंबईच्या सिएटने २०२५ मध्ये रन-फ्लॅट बाजारात आणले, तेव्हा हे चित्र हळूहळू बदलेल. पण तुमच्या गाडीचं नेमकं माप, कंपनीने मान्य केलेल्या खुणेसह, तुमच्या शहरात उद्या मिळेल की नाही हा प्रश्न आज तरी विचारावाच लागतो. साध्या टायरपेक्षा किंमत बरीच जास्त, हे वेगळंच.

आता खड्ड्यांकडे येऊ, कारण खरी चीड तिथली आहे. खिळ्यासमोर रन-फ्लॅट जिंकतो यात वाद नाही. खड्ड्याची धार ही वेगळी जखम आहे. चाक धारेवर आदळतं तेव्हा टायरने दबून धक्का गिळायचा असतो. ताठ साइडवॉल कमी दबते, धक्का पुढे रिमकडे आणि सस्पेन्शनकडे सरकवते, आणि अलॉय रिमला कधी वाक येतो, कधी तडा जातो. आणि टायर दबला तरी सुटका नाही; साइडवॉल धार आणि रिम यांच्यात चिमटली तर आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर, रन-फ्लॅट असो की साधा, बदलण्यावाचून इलाज नाही.

पण या पापातला मोठा वाटा रन-फ्लॅटचा नसून मापाचा असतो, आणि हे लोक सहसा विसरतात. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच असते. ३ सिरीजच्या २२५/४५ आर १८ ला ती १०१ मिलिमीटर मिळते, आणि गाडी कितीतरी जड. एकोणीस, वीस इंची चाकं घेतली की बाजू आणखी आखूड होते. शोरूममध्ये मोठी चाकं देखणी दिसतात आणि वरचं मॉडेल घेतलं की ती गळ्यात पडतात. त्याच मापाचे साधे टायर बसवले तर गाडी मऊ होईल, स्पीडब्रेकरवरचा तो कोरडा ठोका कमी होईल; पण खोल खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यातलं अंतर तेवढंच राहील. उलट मऊ साइडवॉल जरा जास्तच दबेल.

त्यामुळे माझ्या मते टायरच्या जातीआधी चाकाच्या इंचांचा विचार करावा. २२५/४५ आर १८ च्या जागी २२५/५० आर १७ घेतला, तर चाकाचा एकूण व्यास ६६० वरून ६५७ मिलिमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटरला जाणवणारही नाही. पण टायरची बाजू ११ मिलिमीटरने वाढते. खड्ड्याच्या हिशेबात हे ११ मिलिमीटर फार मोठे आहेत. दोन अटी मात्र सांभाळायच्या: ते माप तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेलं असावं (दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि पुस्तिका बघा) आणि पुढच्या ब्रेकचं कॅलिपर आत मावायला हवं. नवी गाडी अजून बुक करायची असेल तर हा प्रश्न तेव्हाच विचारावा. सतरा इंची चाकांचं मॉडेल घेणाऱ्याला नंतरचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

आणि त्याच्याही आधी एक काम करा, ज्याला फारसा खर्च नाही. हवा मोजा. नव्या गाड्या कारखान्यातून ट्रकवरून येतात तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जादा हवा भरलेली असते, आठवडेच्या आठवडे उभ्या राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून. ताबा देण्याआधी ती कमी करायची असते. पुष्कळदा ती राहून जाते. रन-फ्लॅट आधीच ताठ, त्यात जादा हवा, म्हणजे गाडी लाकडी चाकांवर चालल्यासारखी वाटणार आणि शिव्या टायरला बसणार. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, पहिल्या फेरीआधी, चांगल्या गेजने मोजा आणि स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून बघा. स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. दोन माणसं शहरात फिरणार असतील तर भरलेल्या गाडीचा आकडा नको. पंपावरचा पोरगा "सर, पस्तीस टाकू?" विचारतो तेव्हा टायर गरम असतात, म्हणून तिथला आकडा खरा मानू नये. एवढं केल्यावर एक महिना गाडी चालवा. काहींची तक्रार इथेच संपते.

तरीही काढायचेच ठरले तर चारही काढा. एका गाडीत दोन जातींचे टायर ठेवू नयेत; ब्रेक मारताना आणि वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं बोलू लागतात. नवे घेताना मापाइतकेच महत्त्वाचे त्यापुढचे आकडे आणि अक्षर: २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू. यातला ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत मान्य. समृद्धी महामार्गावरही वेगाची मर्यादा १२० आहे, मग २७० कशाला, असं वाटेल. पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं, आणि कमी दर्जाचा टायर लावलेला निघाला तर अपघातानंतर विमा कंपनीला बोलायला जागा मिळते. तेव्हा आकडा आणि अक्षर दोन्ही मूळ टायरएवढे किंवा वरचे घ्या, आणि विमा कंपनीला व विक्रेत्याला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा. वॉरंटीबद्दल काउंटरवरच्या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो. टायर बदलल्यावर टीपीएमएस नव्याने शिकवायला, म्हणजे रीसेट करायला, दुकानदाराला आठवण करा.

तुमच्या गाडीवर सध्या कोणते टायर आहेत याचीही एकदा खात्री करा, कारण सगळ्याच जर्मन गाड्या रन-फ्लॅटवर येत नाहीत आणि एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही फरक असतो. साइडवॉलवर ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. बीएमडब्ल्यूच्या टायरवर वर्तुळात आरएससी असतं. यातलं काहीच नसेल तर तुम्ही बहुधा आधीच साध्या टायरवर फिरताय.

आता मेणबत्त्यांचा प्रश्न. रन-फ्लॅट काढले की स्टेपनीची जागा कोण घेणार? कायद्याचं म्हणाल तर जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. अनेक इलेक्ट्रिक गाड्या आज याच आधारावर स्टेपनीशिवाय विकल्या जातात. म्हणजे साधे टायर बसवलेत आणि स्टेपनी नसेल तर किट गाडीत हवंच.

किट म्हणजे छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली. खिळ्याच्या छिद्रावर ते छान काम करतं. बोटभर कट लागला किंवा साइडवॉल फाटली तर बाटली ओतून रस्ता पांढरा करण्यापलीकडे काही होत नाही. बाटलीला मुदत असते, ती कोणी बघत नाही; आणि आतला चिकटा साफ करताना टायरवाला वैतागतो. तरीही कॉम्प्रेसर असणं ही मोठी गोष्ट आहे. पंक्चरांमध्ये हळूहळू हवा जाणारी पुष्कळ असतात. दोनदा हवा भरून दुकान गाठता येतं, सीलंट लागतच नाही. सोबत स्ट्रिपचा संच ठेवला आणि तो वापरायचा एकदा सराव केला, तर आपणच आपले पंक्चरवाले.

स्टेपनी घ्यायची तर बारीक, पिवळ्या पट्टीची घ्यावी लागते. तिलाही ताशी ८० ची मर्यादा असते आणि हवा सुमारे ६० पीएसआय लागते. खळगा नसल्यामुळे ती डिकीत उभी-आडवी पडून राहते आणि सामानाची जागा खाते. ती नीट बांधलेली हवी. जोरात ब्रेक मारल्यावर सुटलेलं चाक मागच्या सीटवर येणं परवडणारं नाही. जॅक आणि पाना वेगळे घ्यायचे, आणि तो पाना तुमच्या नटांना बसतो का हे घरीच तपासायचं.

तिसरा मार्ग आतून चिकट थर दिलेल्या टायरचा. कॉन्टिनेंटलचा कॉन्टीसील सुमारे पाच मिलिमीटरपर्यंतचं छिद्र आपोआप बुजवतो, तेही नक्षीच्या भागात. चालण्यात तो साध्या टायरसारखाच मऊ. माझं झुकतं माप याच्याकडे आहे, पण आपल्या मापात मिळाला तर. आणि बाजू फाटली तर हाही हात वर करतो.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगून टाकतो. ज्या बीएमडब्ल्यूने आपल्या नेहमीच्या गाड्या रन-फ्लॅटवर आणल्या, तिच्याच एम ३ सारख्या वेगवान गाड्या वर्षानुवर्षं साध्या टायरवर येत राहिल्या, सोबत सीलंट-कॉम्प्रेसरचं किट देऊन. रन-फ्लॅटचं जादा वजन थेट चाकावर येतं, स्प्रिंगच्या खाली. तिथला प्रत्येक किलो चाक रस्त्याला चिकटून ठेवणं अवघड करतो. म्हणजे चालवण्यातला आनंद हवा असेल तर साधा टायर बरा हे खुद्द कंपनीलाही मान्य आहे. दुसरीकडे कॉर्वेट हीसुद्धा वेगवान गाडी, आणि ती आजही रन-फ्लॅटवर येते. वेगाच्या नावाखाली दोन्ही बाजूंना साक्षीदार मिळतात.

तर मग कोणी काय करावं? पुण्या-मुंबईत नव्वद टक्के शहरातच फिरणारा, ज्याला क्रेन तासाभरात मिळते आणि कंटाळा आला तर टॅक्सीही मिळते, त्याला रन-फ्लॅटचा फायदा जवळपास काहीच नाही आणि रोज दणके मात्र खावे लागतात. त्याने साध्या टायरवर जावं, किट ठेवावं, मोकळं व्हावं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचंच बघा: सगळा रस्ता सुमारे ९५ किलोमीटर, दोन्ही टोकांना दुकानं, मध्ये मदत. तिथे दोन्ही टायर सारखेच तारून नेतात.

समृद्धीचं गणित वेगळं. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा तो रस्ता ७०१ किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि रात्री मधल्या टप्प्यांवर अंधार. तिथे टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे आरटीओने प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली होती. अशा रस्त्यावर टायर बसला तरी गाडी ताब्यात राहणं आणि पुढच्या इंटरचेंजपर्यंत चालत जाणं, याची किंमत पंचवीस हजारांच्या टायरपेक्षा जास्त आहे. जी व्यक्ती एकटीने रात्री लांब चालवते, ज्यांच्या गाडीत म्हातारे आईवडील किंवा तान्हं मूल असतं, ज्यांना जॅक लावून चाक बदलणं शक्य नाही, त्यांनी दणके सोसावेत आणि रन-फ्लॅट ठेवावेत. आंबेनळी किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री गाडीतून न उतरता खाली पोचता येणं ही चैन नव्हे.

बाकीचे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण, मधे कुठेतरी असतात. त्यांना मी सांगेन की पहिल्या महिन्यात काहीच काढू नका. हजारो रुपयांचे नवे टायर कमी किमतीत दुकानदाराला देऊन टाकण्यात शहाणपण नाही, आणि टायर गोटा होईपर्यंत थांबण्यातही नाही. निर्णय बहुधा पहिला टायर फाटतो त्या दिवशी तुमच्यावर येऊन आदळतो: एक आयातीचा टायर शोधत बसायचं की चारही साधे घ्यायचे? तो घाईत घ्यावा लागू नये म्हणून आजच दोन फोन करा. एक विक्रेत्याला: माझ्या मापाचा एक रन-फ्लॅट आज हातात आहे का, किती पडेल, नसेल तर किती दिवस? दुसरा टायरच्या दुकानाला: त्याच मापात साधे चार किंवा सीलवाले चार कितीला, आणि रन-फ्लॅट उतरवायचं यंत्र तुमच्याकडे आहे का? पहिल्या फोनवर "आठ दिवस" ऐकू आलं तर ठेवा. "दोन महिने, नक्की सांगता येत नाही" असं आलं तर तुमचा निर्णय झालाच म्हणा.

आणि काढलेच, तर ते चार टायर लगेच मोडीत काढू नका. गाडी लीजवर असेल तर परत करताना मूळ टायर मागितले जाऊ शकतात. स्वतःची असेल तर टायरवाल्याला सांगून ठेवा: तुमच्यासारखाच कोणीतरी एक फाटलेला टायर घेऊन त्याच्याकडे येतो आणि त्याला चार नको असतात, एकच हवा असतो. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. ते ताजे असले की भाव चांगला मिळतो. उन्हात गच्चीवर टाकून ठेवलेत तर मात्र मिळत नाही.